फेकून पाहा, पण स्वतःच्या लाइनने

न्यू जर्सीतले एडिसन म्हटले की आपल्या माणसाला ओक ट्री रोड आठवतो, तिथली किराणा दुकाने आणि मिठाईवाले आठवतात. त्याच एडिसनच्या प्रदर्शन केंद्रात जानेवारीच्या अखेरीस वर्षानुवर्षे ‘फ्लाय फिशिंग शो’ भरत आला आहे. कृत्रिम माशीने मासा पकडण्याच्या छंदाला जे जे लागते ते तिथे मांडलेले असते, आणि आतच एक लांबट, उथळ हौद केलेला असतो. त्याच्या काठी लोक आपली पाळी येण्याची वाट पाहतात, एका कंपनीचा रॉड घेऊन चार-सहा कास्ट टाकतात, तो परत देऊन दुसरीचा घेतात. नावाजलेल्या कंपन्यांचा वरच्या श्रेणीतला रॉड आज हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून पुढे जातो. एवढी रक्कम त्या चार-सहा कास्टच्या भरवशावर मोजावी का?

रॉड फेकून पाहिल्याशिवाय घेऊ नये, हा या छंदातला जुना सल्ला. दुकानदार तो देतात, शिकवणारे देतात, नदीवर भेटणारे अनोळखी लोकही देतात. पण त्याच्या उलट बोलणारेही कमी नाहीत. ते म्हणतात, दुकानामागच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटांत जे कळते ते नदीवर कामाला येत नाही; त्यापेक्षा मोजमापे वाचा, बेताच्या किमतीचा रॉड घ्या आणि उरलेले पैसे शिकवणीवर घाला. या दुसऱ्या बाजूत बरेच तथ्य आहे. तरीही आमचा कौल पहिल्या बाजूला जातो, मात्र काही अटींवर, आणि त्या अटी पाळल्या नाहीत तर दुसरी बाजूच बरोबर ठरते.

आधी हे यंत्र कसे चालते ते पाहू. साध्या गळात वजन शिशाचे किंवा आमिषाचे असते. ते पुढे झेपावते आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. माशीला वजन जवळपास नसतेच. पिसे, केस आणि दोरा आकड्याला गुंडाळून केलेली ती वस्तू, नुसती फेकली तर हातभरही जाणार नाही. म्हणून इथे वजन लाइनमध्येच असते. प्लास्टिकचा लेप दिलेली ती जाड, टोकाकडे निमुळती होत गेलेली दोरी रॉड मागे फेकतो, हवेत पूर्ण उलगडू देतो आणि पुन्हा पुढे फेकतो. रॉडवर छापलेला क्रमांक म्हणजे त्याला शोभणाऱ्या लाइनचा क्रमांक. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांच्या संघटनेने हे क्रमांक लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरवले. ४ क्रमांकाला १२० ग्रेन, ५ला १४०, ६ला १६०. म्हणजे ५ क्रमांकाच्या लाइनचे पहिले ३० फूट जेमतेम ९ ग्रॅम भरतात, आणि दोन क्रमांकांमधला फरक सव्वा ग्रॅमचा. ट्राउटसाठी सगळीकडे सुचवला जाणारा रॉड ९ फुटी, ५ क्रमांकाचा आणि चार तुकड्यांचा असतो. निवड त्याच्यातच करायची असते आणि घोळही तिथेच होतो, कारण बाजारात तशा वर्णनाचे रॉड डझनांनी आहेत.

हा घोळ नेहमीच इतका नव्हता. चीनमधल्या ग्वांगडोंगच्या टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या षटकोनी चिकटवून रॉड केले जात, तेव्हा सामग्रीच कारागिराचा हात बांधून ठेवी. बांबू जड, त्यामुळे रॉड फार ताठ करता येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आले, आणि १९७०च्या दशकात कार्बन तंतूंचे म्हणजे ग्रॅफाइटचे रॉड बाजारात उतरले. ग्रॅफाइट इतके हलके आणि कडक की रॉड हवा तेवढा ताठ करता येऊ लागला. तिथून ‘फास्ट’ रॉडची चढाओढ सुरू झाली. फास्ट म्हणजे मुख्यतः शेंड्याकडे वाकणारा आणि लगेच सरळ होणारा. स्लो म्हणजे मुठीपर्यंत वाकत जाणारा. पण या शब्दांना सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा ‘मीडियम फास्ट’ दुसरीच्या ‘फास्ट’पेक्षा ताठ निघू शकतो, आणि ५ म्हणून विकलेले कित्येक रॉड ताठपणात ६च्या जवळ जातात.

ही अडचण ओळखून विल्यम हॅनेमन यांनी ‘कॉमन सेंट्स’ नावाची पद्धत काढली. रॉडची मूठ आडवी घट्ट बांधायची, शेंड्याला एक पिशवी टांगायची आणि तिच्यात अमेरिकी एक सेंटची नाणी टाकत जायची. रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली आला की थांबायचे. अलीकडचे नाणे अडीच ग्रॅमचे असल्यामुळे नाणी मोजली की रॉडची ताकद आकड्यात मिळते, आणि शेंड्याचा कोन मोजला की तो कुठे वाकतो तेही कळते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोणालाही करता येईल अशी ही तपासणी आहे. कंपनीने रॉडवर काय छापले आहे त्याला ती भीक घालत नाही, आणि म्हणून आम्हाला ती मनापासून आवडते. चार-पाच रॉडचे असे आकडे शेजारी ठेवले तर कोणते दोन हातात घेऊन पाहण्याजोगे आहेत हे दुकानात जाण्याआधीच ठरवता येते.

पण ते माप स्थिर रॉडचे असते. क्रिकेटची बॅट घेताना आपण काट्यावरचे वजन विचारतो आणि मग ती उचलून, हवेत दोनदा फिरवून पाहतो. सारख्या वजनाच्या दोन बॅटींपैकी एक हातात हलकी येते, एक जड. रॉडचेही तसेच आहे. ९ फुटी, ५ क्रमांकाचे बहुतेक ग्रॅफाइट रॉड ७० ते ९० ग्रॅमच्या दरम्यान असतात. त्यातले चार ग्रॅम मुठीत असले तर कळतही नाहीत, शेंड्याकडे असले तर संध्याकाळी मनगट सांगते. मोंटानातल्या लिव्हिंग्स्टन गावातले ‘येलोस्टोन अँग्लर’ हे दुकान ५ क्रमांकाच्या रॉडची जी तुलना प्रसिद्ध करत आले आहे, तिच्यात या फिरत्या वजनाला वेगळे गुण असतात, आणि जवळच्या, मध्यम व लांबच्या अंतरावरच्या कास्टनाही वेगवेगळे. विकणाऱ्यानेच परीक्षा घ्यावी का, अशी शंका येणे रास्त आहे. पण गुण कशाकशाला दिले ते उघड मांडलेले असल्याने वाचणारा आपल्या गरजेप्रमाणे एकूण बेरीज बाजूला ठेवून एकच स्तंभ पाहू शकतो. लांबच्या कास्टचे गुण ज्याला नको असतील त्याने ते सोडून द्यावेत.

मुठीचा मुद्दा तर तक्त्यांत सहसा सापडत नाही. कॉर्कची मूठ बहुधा मोठ्या पुरुषी पंजाला धरून वळलेली असते. लहान हाताच्या माणसाला ती आवळून धरावी लागते आणि आवळलेल्या हाताने चांगला कास्ट पडत नाही. जोन वुल्फ या स्त्री कास्टरने १९५१ साली लांब अंतराच्या स्पर्धेत सगळ्या पुरुष स्पर्धकांना मागे टाकले होते. पुढे विन्स्टन कंपनीने त्यांच्या नावाने जो रॉड काढला त्याच्या मुठीत अंगठा टेकायला खोलगट जागा होती. मुठीचा आकार ही किरकोळ बाब नाही हे ज्यांना कळत होते त्यांनी असे केले. स्त्रियांना आणि मुलांना रॉड घेऊन देणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी त्यांना दुकानात सोबत न्यावे.

फेकून पाहताना नेमके काय पाहायचे, हे मात्र फार थोड्यांना सांगितले जाते. पुढच्या कास्टला मूठ थांबते त्या क्षणी नजर शेंड्यावर ठेवावी. हात थांबतो, शेंडा पुढे झुकतो, परत येतो, पुन्हा पुढे जातो. चांगला रॉड एक-दोन थरथरीत शांत होतो. दुसरा थरथरतच राहतो, आणि ती प्रत्येक थरथर लाइनमध्ये लहानशी लाट बनून पुढे सरकते. सरळ पडायला हवी ती लाइन पाण्यावर किंचित नागमोडी पडते. मग लूप पाहावा. वरची आणि खालची लाइन यांच्यामध्ये अंतर किती राहते, आणि लूप अरुंद ठेवायला हाताला मुद्दाम कष्ट पडतात की तो आपसूक तसा राहतो? तिसरे म्हणजे मागे लाइन पूर्ण उलगडली की मुठीत एक हलका ओढा जाणवतो. तो जाणवला की पुढे फेकायचे. ज्या रॉडमध्ये हा ओढा स्पष्ट येतो तो शिकणाऱ्याला वेळ शिकवतो. ताठ रॉडमध्ये थोडी लाइन बाहेर असताना तो जवळजवळ येतच नाही.

इथेच दुसऱ्या बाजूचा सर्वांत जोरदार आक्षेप उभा राहतो. फेकून पाहायला मिळाले की माणूस लांब फेकतो. मोकळी जागा, शेजारी उभे लोक, हातात नवा रॉड, मग ६० फूट, ७० फूट, अजून थोडे. ४५ फूट लाइन हवेत असली की रॉडवर ३० फुटांच्या सुमारे दीडपट भार येतो. तिथे ताठ रॉड खुलतो आणि मऊ रॉड दमतो, त्यामुळे ताठाची निवड होते. आता न्यू जर्सीतल्याच केन लॉकवूड गॉर्जमध्ये जाऊ. रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेवरची ही घळ, मोठाल्या खडकांची, वर झाडांच्या फांद्यांची. तिथला ट्राउट २५ फुटांवर असतो. त्यातून ९ फूट रॉड आणि ९ फूट लीडर (लाइन आणि माशी यांना जोडणारी बारीक दोरी) वजा करा. रॉडच्या बाहेर आलेली जड लाइन १५ फुटांच्याही आत राहते आणि तिचा भार ९ ग्रॅमच्या निम्माही नसतो. पार्किंगमध्ये ७० फुटांना जिंकलेला रॉड इथे काठीसारखा निर्जीव वाटतो. शिवाय मागे झाडे, म्हणून मागे फेकता येत नाही, रोल कास्ट टाकावा लागतो. रोल कास्टला पाण्याची पकड लागते. गवतावर किंवा डांबरावर तो नीट जमतच नाही. म्हणजे ज्या कास्टवर दिवसातला अर्धा वेळ जाणार तोच पार्किंगमध्ये तपासता येत नाही. हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे.

दुसरा आक्षेप लाइनचा. ताठ रॉड सहज वाकावेत म्हणून लाइनवाल्यांनी आपल्या लाइनी जड केल्या. सायंटिफिक अँग्लर्सची ‘एमपीएक्स’ अर्धा क्रमांक जड आहे, रिओची ‘ग्रँड’ पूर्ण एक क्रमांक जड आहे, आणि कंपन्या हे लपवतही नाहीत. पण दुकानातल्या रिळावर कोणती लाइन भरली आहे हे गिऱ्हाईक विचारत नाही. एका रॉडवर खरी ५ आणि दुसऱ्यावर ६च्या वजनाची ५ असली तर तुलना लाइनींची होते आणि निकाल रॉडच्या नावावर जमा होतो. लाइन जुनी, मळलेली, भेगाळलेली असेल तर चांगल्या रॉडवरही अन्याय होतो. फेकून पाहण्याचे जे निष्कर्ष लोक छातीठोकपणे सांगतात त्यातले पुष्कळसे असे लाइनीवरून काढलेले असतात, असे आमचे मत आहे.

तिसरा आक्षेप हाताचा. मुरलेला हात कोणत्याही रॉडशी पाच मिनिटांत जुळवून घेतो, आणि म्हणून त्याला सगळेच रॉड बरे वाटतात. नवख्या हाताला जो रॉड आज सोपा जातो तो त्याच्या आजच्या चुका सांभाळून घेणारा असतो. एका मोसमानंतर त्या चुका राहणार नाहीत, रॉड मात्र राहील. कित्येक कंपन्या पंचवीस वर्षांची किंवा मूळ मालकाला आयुष्यभराची हमी देतात, त्यामुळे चुकलेली निवडही दीर्घकाळ घरात राहते. ज्याला अजून मागचा कास्ट मोकळा सोडता येत नाही त्याच्या हाताची साक्ष काढून काय उपयोग, असे विचारणाऱ्याला आम्ही गप्प करू शकत नाही.

मग आमचा कौल तरी फेकून पाहण्याच्या बाजूने का? कारण पहिले दोन आक्षेप चाचणी कशी घेतली जाते त्यावर आहेत, आणि ती पद्धत बदलता येते. स्वतःचे रीळ आणि स्वतःची लाइन घेऊन जा, म्हणजे लाइनचा आक्षेप संपला. लाइनीला ३० आणि ४० फुटांवर शाईची खूण करा आणि दुसऱ्या खुणेपुढे जाऊ नका, म्हणजे अंतराचा मोह गेला. टोकाला आकडा कापून टाकलेली माशी किंवा लोकरीचा तुकडा बांधा. नुसता लीडर फेकणे वेगळे असते. जमिनीवर एक थाळी ठेवा आणि २५ फुटांवरून तिच्यात माशी किती वेळा पडते ते पाहा. लांबी सगळ्यांना दिसते, नेम फक्त थाळीत कळतो. रॉडवरचे नाव आणि क्रमांक चिकटपट्टीने झाका, किंमत शेवटी विचारा. दोनच रॉड निवडून आलटूनपालटून फेका; सहा रॉड फेकले की तिसऱ्यानंतर हाताला काही आठवत नाही. जमल्यास दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने पुन्हा जा. रोल कास्टसाठी पाणी असलेली जागा शोधा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३०च्या दशकापासून कास्टिंगसाठीच बांधलेले हौद आहेत आणि ते सर्वांना खुले आहेत. प्रत्येक गावात असा हौद नसतो, पण तळे बहुधा असते.

नवख्याच्या हाताच्या आक्षेपाला मात्र असे सोपे उत्तर नाही, आणि तिथे आम्ही दुसऱ्या बाजूला पूर्णपणे जातो. पहिला रॉड फेकून पाहण्यात वेळ घालवू नये. रॉड, रीळ आणि लाइन मिळून दोनशे डॉलरच्या आसपास जो मध्यम वाकाचा संच मिळतो तो घ्यावा आणि फ्लाय फिशर्स इंटरनॅशनलचे प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाकडे काही तास शिकावे. फार तर मूठ हाताला बसते का एवढे दुकानात पाहावे. महागडा रॉड घ्यायचाच असेल तर तो दुसरा असू द्या. तोपर्यंत आपण कोणत्या नदीवर जातो, किती अंतरावर फेकतो, कोरडी माशी वापरतो की पाण्याखालची, हे आपल्याला ठाऊक झालेले असते, आणि विक्रेत्याला विचारायला खरे प्रश्न असतात.

भारतात अडचण वेगळीच आहे. काश्मीरमध्ये ट्राउट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आणला गेला, कुलूमध्ये १९०९ साली त्याची पैदास सुरू झाली, आणि आज पुण्या-मुंबईचे लोक तीर्थन खोऱ्यात परवाना काढून मासेमारीला जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बंदी असते हे त्यांना पाठ असते. खुद्द पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ सालीच केले होते. पण चांगले फ्लाय रॉड फेकून पाहायला मिळतील असे दुकान इथे शोधून सापडणे कठीण. चार तुकड्यांचा रॉड बॅगेत मावतो, म्हणून तो बहुधा न्यू जर्सीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या भावाच्या, मेहुण्याच्या सामानातून येतो. अशा वेळी भावाने आपल्या हाताला आवडलेला ताठ रॉड पाठवू नये. दुसऱ्यासाठी घेताना मध्यम वाकाचाच घ्यावा, कोणत्या लाइनचा विचार करून घेतला तेही चिठ्ठीवर लिहून द्यावे. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याने आधी तीर्थनला मुक्कामाच्या ठिकाणी किंवा मित्राकडे मिळेल तो रॉड एक दिवस वापरून काय आवडले, काय नाही ते कळवावे. एका दिवसाचा तो अनुभव भावाने दुकानात टाकलेल्या कास्टपेक्षा मोलाचा ठरेल.

एक गोष्ट उरते आणि ती पैशांची आहे. गावातले दुकान चाचणीसाठी रॉड राखून ठेवते, ते वापरून जुने होतात, कधी मोडतात. माणूस अर्धा तास आपल्यासोबत उभा राहतो, लूप का रुंदावतो ते सांगतो. हा सगळा खर्च रॉडच्या किमतीतून निघतो. तिथे फेकून पाहायचे आणि घरी येऊन दुसरीकडून चार पैसे कमी देऊन मागवायचे, हे आम्हाला साफ नामंजूर आहे. कोणाला कायद्याने अडवता येणार नाही, पण सगळ्यांनी असे केले तर फेकून पाहायला दुकानच राहणार नाही आणि वर मांडलेला सारा विचार निरर्थक होईल. परवडत नसेल तर तसे दुकानदाराला सांगा. मागच्या वर्षीचा नमुना किंवा चाचणीचाच वापरलेला रॉड कमी किमतीत मिळतो का ते विचारा. तेही जमत नसेल तर निदान लाइन आणि माश्या तिथूनच घ्या. पण रॉड ज्याच्याकडे फेकून पाहिला आणि पसंत पडला, त्याच्याकडूनच विकत घ्या.